लघुउद्योग, सरकारी संशोधन आणि आपण : अंबरनाथच्या निमित्ताने

दलितांच्या अर्वाचीन इतिहासात गिरणी आहे, रेल्वे आहे, गोदी आहे, खडकीचा दारूगोळा कारखाना आहे. प्रयोगशाळा नाही. ही अनुपस्थिती आपल्या लेखक-कार्यकर्त्यांना फारशी खटकलेली दिसत नाही. आपण नोकरीवर लिहिले, जमिनीवर लिहिले, पाणवठ्यावर आणि गावकुसावर लिहिले. पण सरकार संशोधनावर जो पैसा खर्च करते तो कोणाच्या प्रश्नांसाठी, कोणाच्या हातून आणि कोणाच्या खिशापर्यंत जातो, हा हिशोब आपण मांडला नाही. मी विज्ञानाचा माणूस नाही, इतिहास शिकवतो. तरी हा हिशोब मांडावासा वाटला, याचे कारण मी अंबरनाथ पूर्वेला राहतो. येथे एकाच गावात अकराव्या शतकातले शिवमंदिर, संरक्षण खात्याची संशोधनशाळा, रसायनांचे शेकडो गाळे आणि मेलेली नदी एकमेकांच्या शेजारी आहेत. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगला फळा कोणता मिळणार?

माझे वडील याच पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात मुकादमाच्या हाताखाली रोजंदारीवर होते. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण तेथे जे चालत होते ते पुष्कळ ठिकाणी चालत होते. त्यांचे काम टाकी साफ करण्याचे. दोरी कमरेला बांधायची, तोंडाला ओले फडके गुंडाळायचे आणि आत उतरायचे. वर उभा असलेला मुकादम अधूनमधून हाक मारी. हाकेला ओ आली नाही तर दोरी ओढायची, ही तेथली सुरक्षायंत्रणा. वडील नेहमी म्हणत, ‘टाकीत उतरायला शिक्षण लागत नाही, म्हणून ते आपल्याला देतात.’ मी एम.ए. झालो तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला कळला असे वाटले होते. तो पुरता कळला नव्हता.

अंबरनाथला उद्योग आला तो आजचा नव्हे. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ सालची. गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खत तिने येथे तयार केले. पाठोपाठ विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याने १९५३ साली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी काढली. प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना. जे यंत्र देशात होत नाही त्याचा पहिला नमुना येथे घडवायचा, हा तिच्या नावातलाच हेतू. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे या परिसरात वसाहती, रस्ते, गाळे आले. कारखान्यांना पाणी हवे म्हणून बदलापूरजवळ बारवी धरण झाले. शेजारचे कल्याण कॅम्प, म्हणजे १९४९ नंतरचे उल्हासनगर, तोवर निर्वासित सिंधी बांधवांच्या छोट्या धंद्यांनी गजबजले होते.

या सगळ्यात आपला माणूस कोठे होता? सरकारी कारखान्यात तो राखीव जागांच्या बळावर शिरला, बहुतांशी तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत. तरीही ते शिरणे मोठे होते. पगार नियमित, क्वार्टर पक्के, पोराला शाळा आणि संध्याकाळी बुद्धविहाराची वर्गणी द्यायला हातात पैसा. देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना झाली, ती वस्तीसुद्धा लष्करी डेपोच्या कामगारांचीच. आपल्या चळवळीचा खर्च अशाच पगारांतून निघाला, हे विसरून चालणार नाही. खासगी रासायनिक पट्ट्यात मात्र तो टाकीत उतरला.

यंत्र जातीला ओळखत नाही, असे आपले पुरोगामी मित्र म्हणतात. यंत्र ओळखत नसेल, यंत्र चालवणारे ओळखतात. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोटा भरताना कांडीवरचा धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. विणकाम हे जास्त पगाराचे खाते. म्हणजे धोट्याला असलेल्या एका बारीक भोकाने हजारो कुटुंबांची मिळकत ठरवली! १९३८ साली फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित वर्गीय कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हा अनुभव होता. (अंबरनाथजवळ काकोळ्याला वालधुनी अडवून इंजिनांच्या पाण्यासाठी धरण बांधले ते याच जी.आय.पी.ने. आजही लोक त्याला जी.आय.पी. धरणच म्हणतात.)

पण मनमाडपेक्षा मला १९४२ सालचे त्यांचे निवेदन अधिक महत्त्वाचे वाटते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारी लेखी मांडल्या. त्यात शिक्षणाच्या कलमात त्यांनी स्पष्ट म्हटले की, कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही. त्यांना विज्ञान आणि तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण हवे, आणि ते सरकारी मदतीवाचून शक्य नाही. स्वतः कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा हा पंडित हे सांगत होता! १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तिचे मूळ या खटपटीत आहे. माझे शिक्षण त्याच शिष्यवृत्तीवर झाले. आणि मी झालो कला शाखेचा पदवीधर. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शाखा होती, पण प्रयोगशाळेची फी आणि पुस्तके परवडणारी नव्हती. बाबासाहेबांच्या निवेदनातले तेवढे एक वाक्य अमलात यायचे राहून गेले, आणि त्या राहून गेलेल्या वाक्याचे फलित म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

आता अमेरिकेकडे वळू. कारण ‘लहान उद्योगाला सरकारने संशोधनासाठी पैसे द्यावेत’ ही कल्पना कायद्याच्या रूपात प्रथम तेथे आली. २२ जुलै १९८२ रोजी अध्यक्ष रेगन यांनी लघुउद्योग नवनिर्मिती विकास कायद्यावर सही केली. योजना साधी. ज्या सरकारी खात्याचे बाहेर वाटण्याचे संशोधन-अंदाजपत्रक वर्षाला दहा कोटी डॉलरच्या वर आहे, त्याने त्यातला ठराविक हिस्सा लहान कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. सुरुवात शेकडा ०.२ ने झाली, मग १.२५ आणि २०१७ पर्यंत तो ३.२ झाला. अंतराळाची नासा, संरक्षण खाते, ऊर्जा खाते, पर्यावरण संस्था, सगळी त्यात आली. पैसा टप्प्याने मिळे. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते का ते पाहायला थोडा, दुसऱ्यात नमुना करायला अधिक, तिसऱ्यात बाजारात न्यायला या निधीतून काही नाही. सरकार मालकीत वाटा मागत नसे. येथे एक गंमत सांगायला हवी. तेथे ‘लहान’ म्हणजे पाचशे कामगारांपर्यंतची कंपनी. आपल्या आनंदनगरच्या गाळ्यात आठ-दहा माणसे आणि एक शेड असते.

या कायद्याची चार उद्दिष्टे होती. नवनिर्मितीला चालना, सरकारी गरजांसाठी लहान उद्योगांचा उपयोग, संशोधनाचे बाजारातले रूपांतर. आणि चौथे, अल्पसंख्य व वंचित गटांतील व्यक्तींचा तंत्रवैज्ञानिक नवनिर्मितीत सहभाग वाढवणे. म्हणजे ज्या काळ्या माणसांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, त्यांचा वाटा संशोधनाच्या पैशात असावा हे अमेरिकेच्या कायद्याने निदान कागदावर मान्य केले. कागदावरच. पुढे तेथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने जे आढावे घेतले त्यांत हेच उद्दिष्ट सर्वांत मागे राहिल्याचे दिसून आले. काळ्या आणि हिस्पॅनिक मालकांच्या कंपन्यांचा हिस्सा अगदी अल्प राहिला. कारणे आपल्या ओळखीची आहेत. अर्ज लिहायला पीएच.डी. लागते, पीएच.डी.ला विद्यापीठ लागते, विद्यापीठात आधीपासून आपले कोणीतरी लागते. कायद्याने दार उघडले तरी दारापर्यंतचा रस्ता कोणी बांधला नाही. तरीही उद्दिष्ट लिहिलेले असले की अपयश मोजता येते. लिहिलेलेच नसेल तर अपयशसुद्धा दिसत नाही. आपल्याकडे ही दुसरी अवस्था आहे.

भारतात लघुउद्योगाचा विचार उशिरा झाला असे नाही. १९५५ साली प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांचा आराखडा दिला. राष्ट्रीय लघुउद्योग निगम त्याच वर्षीचे. १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवाव्यात असे राखीव धोरण आले. ती यादी आठशेच्या वर गेली आणि एप्रिल २०१५ मध्ये शेवटच्या वीस वस्तूही तिच्यातून वगळल्या गेल्या. वस्तू राखीव ठेवल्या. कोणत्या माणसाने बनवायच्या, हा प्रश्न त्या धोरणाला कधी पडला नाही. आणि संशोधन तर त्यात नव्हतेच. लहान कारखानदाराने मोठ्याची नक्कल करावी आणि स्वस्तात विकावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

संशोधनासाठी लहान उद्योगाला सरकारी पैसा देण्याच्या योजना ठळकपणे आल्या त्या पुढे. जैवतंत्रज्ञान खात्याची योजना २००५ ची, तिचे नावसुद्धा अमेरिकन कायद्यावरून घेतलेले. संरक्षण संशोधन संघटनेचा तंत्रज्ञान विकास निधी २०१६ चा. त्यात प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान आणि मर्यादा आधी १० कोटी, २०२२ पासून ५० कोटी. २०१८ साली ‘आयडेक्स’ आली, तिच्यात नवउद्योगाला दीड कोटीपर्यंत अनुदान, पण तेवढीच रक्कम त्याने स्वतः उभी करायची. अंतराळक्षेत्र २०२० मध्ये खासगी कंपन्यांना खुले झाले. या योजना वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण या बदलाचा आपल्या दृष्टीने अर्थ काय, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

सरकार जोवर स्वतः कारखाना चालवत होते तोवर त्याच्या दारावर राखीव जागांची पाटी होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित झाले. अंबरनाथची आयुधनिर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. या कंपन्या सरकारीच आहेत, राखीव जागा आजही आहेत. पण कायम भरती आटते आणि कंत्राटी काम वाढते, हे गेटवर उभे राहून कोणीही पाहू शकतो. इकडे संशोधनाचा आणि खरेदीचा पैसा खासगी उद्योगाकडे वळू लागला आहे. त्या अनुदानांना राखीव जागा नाहीत. जुने दार अरुंद होते आहे त्याला पाटी आहे. नवे दार रुंद होते आहे त्याला पाटी नाही.

प्रयोगशाळेच्या आतसुद्धा पाटी अर्ध्या जिन्यापर्यंतच आहे. १९७५ सालच्या केंद्र सरकारच्या आदेशानुसार, संशोधन करणाऱ्या अथवा संशोधनाला दिशा देणाऱ्या वैज्ञानिक पदांना ‘अ’ गटाच्या सर्वांत खालच्या पायरीच्या वर राखीव जागा लागू करण्यातून सूट देता येते. म्हणजे आत या, पण कोणत्या प्रश्नावर संशोधन करायचे हे ठरवणाऱ्या खुर्चीपर्यंत पोचण्याची हमी मागू नका. गुणवत्ता हा शब्द या ठिकाणी उच्चारला जातो. धोट्याच्या भोकापाशीही शुद्धता हा शब्द उच्चारला जात होता.

खरेदीच्या बाबतीत २०१२ सालच्या आदेशाने एक गोष्ट केली. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, त्यातली ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. २०१८ मध्ये २० चे २५ झाले, आपले ४ तेथेच राहिले. आणि प्रत्यक्ष खरेदी बहुतेक वर्षी या चाराच्या जवळपासही फिरकली नाही. दलित उद्योजकांची संघटना २००५ पासून पुण्यातून काम करते आहे, म्हणजे उद्योजक नाहीत असे म्हणता येत नाही. शिवाय ‘लघु’ची व्याख्या ताणत ताणत एप्रिल २०२५ पासून २५ कोटींच्या गुंतवणुकीपर्यंत नेली आहे. २५ कोटींचा लघुउद्योजक आणि भाड्याच्या गाळ्यातला आपला पोरगा एकाच रांगेत!

आता माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या संशोधनशाळेकडे येतो. नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा ही मुंबईच्या नौदल गोदीत १९५३ साली रसायन आणि धातुशास्त्राची शाळा म्हणून सुरू झाली, नंतर संरक्षण संशोधन संघटनेत आली आणि पुढे अंबरनाथला हलली. तिची दोन कामे मला येथे महत्त्वाची वाटतात.

पहिले, पाणबुडीसाठी इंधनघट. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून ज्वलनाशिवाय वीज निघते, ही कल्पना विल्यम ग्रोव्हने १८३९ सालीच मांडली होती. ती प्रत्यक्षात उपयोगी ठरली अंतराळात. १९६५ साली जेमिनी यानात आणि पुढे अपोलोत विजेसाठी हेच घट होते. वीज तयार होताना पाणी तयार होते, आणि अपोलोचे अंतराळवीर ते पाणी पीत. अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी फॉस्फोरिक आम्लाचा घट निवडला आणि पाणबुडीतल्या पाणबुडीत हायड्रोजन तयार करण्याची रीत बसवली. त्यामुळे हवेसाठी वर न येता पाणबुडी अधिक दिवस खाली राहू शकते. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. उद्योगातले भागीदार लार्सन अँड टुब्रो आणि थरमॅक्स. डिसेंबर २०२४ मध्ये ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्याच्या कामासाठी माझगाव गोदीशी सुमारे १९९० कोटींचा करार झाला. काम अभिमान वाटावा असे आहे आणि मला तो वाटतो. माझ्या वर्गात मी ते सांगतो.

दुसरे काम त्याहून लहान, पण मला अधिक मोलाचे. आर्सेनिक गाळणी. पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातून माणसांना आर्सेनिकची विषबाधा होते हे १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी ओळखले. अंबरनाथच्या प्रयोगशाळेने पोलाद उद्योगातल्या टाकाऊ मालावर प्रक्रिया करून त्याचा थर पाणी गाळण्यासाठी वापरला. आर्सेनिक त्याला चिकटून बसते, मग प्रक्रिया केलेल्या वाळूतून पाणी गाळले जाते. वीज लागत नाही, बनवायला मोठा कारखाना लागत नाही. गाळ्यातला उद्योजक बनवू शकेल असे हे तंत्र आहे. पाणबुडीच्या शाळेत हे होऊ शकते, याचाच अर्थ प्रश्न समोर ठेवला तर उत्तर निघते. प्रश्न समोर ठेवणारा कोण, येथेच सगळे अडते.

कारण याच गावातून वालधुनी वाहते. काकोळ्याच्या डोंगरात उगम, शिवमंदिराच्या पायथ्याशी वळण, मग रसायनांचा पट्टा, उल्हासनगर, जीन्सच्या धुलाईचे रंग आणि कल्याणपाशी उल्हास नदी. शके ९८२ च्या शिलालेखाचे मंदिर पाहायला येणारे लोक नाकाला रुमाल लावूनच फोटो काढतात. नोव्हेंबर २०१४ च्या शेवटी उल्हासनगरमध्ये कोणीतरी रात्री टँकरभर रसायन नदीत ओतले आणि काठच्या वस्तीतले शेकडो लोक उलट्या आणि धाप घेऊन इस्पितळात गेले. काठावर वस्ती कोणाची असते हे वाचकांना सांगायला नको. २०१५ मध्ये वनशक्ती संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल नगरपालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना भरपाईचा आदेश दिला. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे.

लहान कारखानदार म्हणतो, मला एकट्याला शुद्धीकरण परवडत नाही. ते खरे आहे. म्हणूनच सामुदायिक केंद्रे आली. पण आठ-दहा माणसांच्या गाळ्यातून निघणारे दोन-चार पिंप विषारी पाणी तेथेच, स्वस्तात, कसे निर्विष करावे, हा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि तो सोडवणारा स्वतः एक लघुउद्योग होऊ शकतो. पाणबुडीला जसा मागणी करणारा नौदलासारखा धनी आहे तसा वालधुनीला नाही. काठावरच्या माणसाची मागणी निविदेच्या भाषेत येत नाही.

गटाराचेही तेच. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान चंद्रावर उतरले, आणि त्याच वर्षी २० ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाला गटारात मरणाऱ्यांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. ही तुलना आता घासून गुळगुळीत झाली आहे आणि मला ती पुरेशी वाटत नाही. चंद्राचा पैसा गटाराला द्या, असे माझे म्हणणे नाही. बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. मॅनहोलमध्ये उतरणारा यंत्रमानव मात्र २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला आला, केरळच्या काही तरुण इंजिनियरांनी राज्य सरकारच्या नवउद्योग मिशनच्या आणि जलप्राधिकरणाच्या मदतीने केलेला. २०१९ मध्ये दिल्लीत गटारसफाईच्या दोनशे यंत्रगाड्या दलित उद्योजकांच्या संघटनेच्या सहकार्याने सफाई कामगारांच्या मालकीने उतरल्या. म्हणजे तंत्र अवघड नव्हते. पंचवीस वर्षे तो प्रश्न पर्यावरण-तंत्रज्ञानाचा आहे असे कोणाला वाटलेच नाही. माणूस स्वस्त होता, आणि तो आपला होता.

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने बाबासाहेबांच्या नावाने एक नवनिर्मिती मिशन जाहीर केले. अनुसूचित जातींच्या तरुणांच्या एक हजार कल्पनांना चार वर्षांत आधार, प्रत्येकी तीन वर्षांत ३० लाख भांडवल. वर उल्लेखलेल्या अनुदानांच्या तुलनेत हा आकडा वाचकांनीच ठेवून पाहावा. शिवाय हा पैसा भागभांडवल म्हणून येतो, अनुदान म्हणून नाही. तरीही मी विद्यार्थ्यांना अर्ज करायला सांगतो. बाहेर उभे राहून दाराला शिव्या देणे सोपे आहे, तो धंदा आपण पुष्कळ केला.

माझा एक विद्यार्थी इतिहासाचा नव्हे, डिप्लोमाचा; त्याचे वडील आणि माझे वडील एकाच मुकादमाच्या हाताखाली होते. त्याने टाकीत माणूस उतरवण्याआधी आतला वायू मोजून भोंगा वाजवणारे एक लहान यंत्र केले आहे. बाजारात अशी परदेशी यंत्रे मिळतात. याचे किंमतीने चौथाईत बसते असे तो सांगतो. एका योजनेच्या मुलाखतीला तो गेला. समितीने विचारले, ‘तुमच्याकडे औद्योगिक भागीदार कोण? स्वतःचा हिस्सा किती?’ परत आल्यावर तो माझ्याकडे बसला, यंत्र टेबलावर ठेवले आणि म्हणाला, ‘सर, टाकीत कोण उतरतं हे त्यांनी विचारलंच नाही.’ आता तो आनंदनगरला एका कारखान्यात पाळीवर आहे. यंत्र माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटावर आहे. बॅटरी बदलायला तो दर दोन-तीन महिन्यांनी येतो.